भरलेला, सहा

हे लिहायचं नाही असंच जवळजवळ ठरलं होतं. दोनदा टाइप केलं, दोनदा पुसलं. गेलनने मला सांगितलं तेव्हा कुणाला सांगू नकोस असं तो म्हणाला नव्हता, पण सांग असंही म्हणाला नव्हता. आता तिसऱ्यांदा बसलोय आणि या वेळी पुसत नाही.

स्नॅग क्रीकचा रस्ता अकरा मैलांचा. खाली डांबरी सडक, वर जंगलतोडीची जागा, आणि मधे नुसती खडी आणि वळणं. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला काही नाही. रुंदी एका ट्रकची. आणि त्या एका ट्रकच्या रुंदीवर दिवसाला चाळीस ट्रक वर जायचे आणि चाळीस खाली यायचे, आणि एकमेकांना धडकायचे नाहीत. कारण सगळे पुकारायचे.

मैलामैलावर झाडाला पिवळी पाटी ठोकलेली. पाटी आली की रेडिओचं बटण दाबायचं आणि बोलायचं. रिकामा ट्रक वर चढत असेल तर 'रिकामा, तीन'. ओंडके लादून उतरत असेल तर 'भरलेला, आठ'. बस, दोन शब्द. भरलेला थांबत नाही, त्याला थांबताच येत नाही. चाळीस टन वजन उतारावर असतं आणि ब्रेकमधून वाफ निघत असते. रिकाम्याने कान उघडे ठेवायचे, कोण कुठे आहे ते डोक्यात धरायचं, आणि समोरून भरलेला येतोय असं कळलं की जवळच्या बगलेत शिरून गप उभं राहायचं. बगल म्हणजे डोंगर खोदून केलेली ट्रकपुरती जागा. अशा सोळा बगला होत्या.

हे सगळं गेलन स्ट्राउडला शिकवलं ऑरिन पेकमने. ऑरिन तेव्हा अठ्ठावन्नचा. स्वतःच्या मालकीचा निळा ट्रक, आणि सव्वीस वर्षं त्याच रस्त्यावर. गेलन छत्तीसचा, आधी आरागिरणीत पट्ट्यावर उभा राहून लाकूड निवडायचा. पहिला आठवडा ऑरिनने त्याला शेजारी बसवून वरखाली फिरवलं.

"शिंक आली तरी आधी पुकारायचं, मग शिंकायचं," ऑरिन म्हणायचा. "बायको सोडून गेली तरी आधी पुकारायचं."

"गेलीये," गेलन म्हणाला.

"काय?"

"बायको. सोडून गेलीये."

"मोठ्याने बोल रे लेका, इंजिन चालू आहे."

गेलनचं आयुष्यभर हेच. आवाजच असा की समोरच्याला अर्धा ऐकू यायचा. बारमध्ये बिअर मागितली तर मुलगी त्याच्या मागच्याला विचारायची, तुला काय हवं. बायको जाताना म्हणाली होती, तुझ्याशी बोलणं म्हणजे फ्रिजशी बोलणं, फ्रिज निदान अधूनमधून घरघरतो तरी. तो विनोद तिने चारचौघांत केला आणि चारचौघं हसली. गेलनने काहीतरी उत्तर दिलं होतं. ते कुणी ऐकलं नाही.

आता रेडिओचं. सगळ्यांच्या ट्रकमध्ये दुकानातून आणलेला साधा सीबी रेडिओ, चार वॅटचा, कायद्यात बसणारा. डोंगरात तेवढा पुरतो. फक्त सहाव्या मैलाजवळ एक घळ आहे, तिथे आवाज दबतो. चांगला रेडिओ असेल तर निभतं. गेलनचा निभत नव्हता. जूनमध्ये तो भरलेला उतरत होता, सहाला पुकारलं, आणि पुढच्याच वळणावर समोर रिकामा ट्रक. दोघं थांबले तेव्हा दोन बंपरांमध्ये हात घालता आला असता. समोरचा शिव्या देत खाली उतरला. गेलन म्हणाला, मी पुकारलं होतं. तो म्हणाला, कुणाला, खारींना?

त्याच शनिवारी गेलनने महामार्गावरच्या एका ट्रकतळामागे, एका माणसाच्या गाडीच्या डिकीतून, छोटा ॲम्प्लिफायर घेतला. विटेएवढा काळा डबा. रेडिओ आणि अँटेना यांच्या मधे जोडायचा, बॅटरीवरून थेट जाड वायर आणायची, की चार वॅटचे शंभर होतात. कायद्याने बंदी, कंपनीचीही बंदी. ड्रायव्हर लोक त्याला शेगडी म्हणतात, कारण पायाशी ठेवतात आणि तो तापतो.

ऑरिनने ती सोमवारीच पाहिली. सीटखाली वाकला, बघितली, सरळ झाला.

"काढ ती."

"मला कुणी ऐकत नाही ऑरिन. सहावर मरता मरता वाचलो."

"तुझी केबल सडलीये. अँटेनाची केबल. कधी बघितलीस? आत पाणी शिरलंय. असल्या केबलला शेगडी लावणं म्हणजे फुटक्या पाइपला मोठा पंप लावणं." मग म्हणाला, "आणि ह्याने तोंड मोठं होतं रे. कान तेवढेच राहतात. तू दहा मैलांवर ऐकू जाशील, पण तुझ्याकडे काय येतंय ते तेवढंच."

रविवारी ऑरिन स्वतः नवी केबल घेऊन आला. दोघांनी गेलनच्या अंगणात दुपारभर काम केलं. ऑरिनची बायको नोरीनने डब्यात खिम्याचा मीटलोफ दिला होता, तो बॉनेटवर बसून खाल्ला. ऑरिनने आरशाच्या दांडीवरचा गंज ब्रशने घासून काढला, अँटेना बसवली, मीटर लावून तपासली, आणि एखाद्या डॉक्टरसारखा म्हणाला, "बोल आता." गेलन बोलला. डांबरी रस्त्यावरून कुणीतरी उत्तर दिलं, स्वच्छ. शेगडी तेव्हा काढून गॅरेजच्या फळीवर ठेवली होती. सोमवारी सहाला पुकारलं, सगळ्यांनी ऐकलं. काम झालं होतं. इथेच संपायला हवं होतं.

पण मधल्या आठवड्यात, शेगडी लावलेली असताना, एक गोष्ट झाली होती. गेलन वर अकराव्या मैलावर लादायची वाट बघत होता आणि सहज काहीतरी बोलला. हवेबद्दल असेल. आणि खाली, कितीतरी लांब, गिरणीच्या वजनकाट्यावरची बाई हसली. काट्यावरही एक रेडिओ असायचा. ती म्हणाली, "कोण आहे हा? छान आहे हा." पाच-सहा ट्रकांनी ते ऐकलं.

दहा दिवस त्याने कळ काढली. अकराव्या दिवशी शेगडी परत लावली. सीट उचलून अगदी मागे, ब्लँकेटमध्ये गुंडाळून. बटण दाबून बोलला की डॅशबोर्डवरचे दिवे जरा मंद व्हायचे, इतकी ती वीज ओढायची. गेलनला ते मंद होणं आवडायचं.

"काय खणखणीत येतोस रे!" ऑरिन म्हणाला. "बघ, नुसती केबल. मी काय सांगत होतो?"

"हो," गेलन म्हणाला. "केबल."

जुलै गेला, ऑगस्ट गेला. गेलन बोलायला लागला. त्याच्याकडे छत्तीस वर्षांचा साठा होता. गिरणीतले किस्से, त्याच्या मेव्हण्याचे किस्से, पाद्रीबुवांच्या कुत्र्याचा किस्सा. बटण दाबलेलं असताना त्याला मधे कुणी तोडू शकत नव्हतं. मला सांगताना हे त्याने पुन्हा म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी मधे तोडू शकत नव्हतं, म्हणाला. बर्टी म्हणजे रोबर्टा हेंड्रिक्स, पन्नाशीची, रस्त्यावरची एकुलती एक बाई ड्रायव्हर, सिगारेटवर सिगारेट ओढणारी. ती सकाळी वर चढताना हाक मारायची, "गेलन राजा, आज काय आहे? सांग की, झोप येतीये."

पुकारण्याच्या चॅनेलवर गप्पा मारू नयेत असा नियम होता. सगळेच थोड्याफार मारायचे. दोन वाक्यं, मग बटण सोडायचं, कुणी पुकारतंय का ऐकायचं, मग पुढची दोन. साधे रेडिओ असले की दोन माणसं एकदम बोलली तरी जवळचा ऐकू येतो, लांबचा दबतो, म्हणून निभून जायचं. जवळच्यालाच तर ऐकायचं असतं.

सप्टेंबरच्या अठरा तारखेला, सकाळी साडेनऊला, गेलन वर अकरावर होता. ओंडके उचलणाऱ्या यंत्राची तेलाची नळी फुटली होती, सगळं ठप्प. ऑरिन त्याच्या आधी लादून निघाला होता. जाताना खिडकीतून ओरडला, "आज तुला इथेच मुक्काम!" बर्टी रिकामी वर येत होती.

गेलनने थर्मासमधली कॉफी ओतली आणि मेव्हण्याचा किस्सा सुरू केला. मेव्हणा ड्युई, तीन दिवस एल्क हरीण मारायला जंगलात बसला, एल्कची शेपूटसुद्धा दिसली नाही. तिसऱ्या सकाळी लाकडाच्या संडासात गेला, बंदूक बाहेर भिंतीला टेकवून. तेवढ्यात हा एवढा मोठा नर आला आणि बंदुकीच्या पट्ट्यावरचा घाम चाटत बसला. ड्युई आत, बंदूक बाहेर, आणि बंदुकीवर एल्कची जीभ. दीड तास.

हा किस्सा सांगताना मधे थांबून चालत नाही. एल्क चाटतोय, ड्युई फटीतून बघतोय, ड्युई त्याच्याशी बोलतोय, 'दादा, जा ना.' थांबलं की मजा गेली. गेलनने बटण सोडलं नाही. दीड मिनिट तरी सोडलं नसेल. डॅशबोर्डचे दिवे मंद होऊन राहिले.

शेवटी सोडलं आणि हसणं ऐकू येईल म्हणून वाट बघितली.

काही आलं नाही. मग बर्टीचा आवाज आला, पण ती शब्द बोलत नव्हती. मग शब्द आले. "ऑरिन खाली गेला. कुणीतरी या. देवा, ऑरिन खाली गेला."

झालं होतं ते असं. बर्टी पाचच्या बगलेत उभी होती. सातला ऑरिनने पुकारलेलं तिने ऐकलं होतं, आणि तो आता सहा पुकारेल म्हणून थांबली होती. सहा आलं नाही. गेलन येत होता, खणखणीत, एल्क आणि संडास. बराच वेळ झाला. बर्टीला वाटलं ऑरिन वर कुठेतरी थांबलाय. तो कधीकधी ओंडक्यांच्या साखळ्या आवळायला थांबायचा. पुढची बगल पावणेसहा मैलावर होती, फार लांब नाही. ती निघाली. वळणावर समोर ऑरिनचं नाक. ऑरिनला दोनच गोष्टी करता आल्या असत्या, तिच्यावर जाणं किंवा बाहेर जाणं. त्याने स्टीअरिंग बाहेर मारलं.

चाळीस फुटांवर एका जुन्या बुंध्याला ट्रक अडकला, म्हणून जीव वाचला. केबिनच्या मागची लोखंडी जाळी ओंडक्यांनी आत दाबली होती. माणसं करवती घेऊन धावली. गेलनही रिकामा ट्रक हाकत खाली आला, रस्त्याच्या कडेवरून पळत, घसरत उतरला, त्यानेच ऑरिनचं डोकं धरून ठेवलं होतं हेलिकॉप्टर येईपर्यंत. ऑरिन शुद्धीत होता. एकच वाक्य बोलत होता.

"मी पुकारलं. गेलन, मी पुकारलं रे."

"हो," गेलन म्हणाला. "हो, हो."

हेलिकॉप्टर गेलं. पोलिसांची गाडी खालून यायला अजून वीस मिनिटं होती. गेलन वर रस्त्यावर आपल्या ट्रकपाशी गेला, सीट उचलली, पकडीने दोन वायरी तोडल्या, शेगडी जेवणाच्या पेटीत ठेवली, वर सँडविच ठेवलं, झाकण लावलं. हात थरथरत नव्हते. हे त्याला फार लागलं नंतर, की हात थरथरले नाहीत.

ऑरिनचा डावा पाय गुडघ्याच्या वरून कापला. कमरेत सळया घातल्या.

चौकशीला विमा कंपनीकडून एक माणूस आला, मिस्टर हॅस्केट. बारीक, सभ्य, खिशात चार पेनं. वाईट माणूस नव्हता. त्याला एवढंच शोधायचं होतं, सहाला पुकारलं गेलं की नाही. पुकारलं असेल तर चूक बर्टीची किंवा कुणाचीच नाही. पुकारलं नसेल तर चूक ऑरिनची, आणि मग त्याला तो रस्ता कायमचा बंद, आणि ट्रकचे विम्याचे पैसे नाहीत, ट्रक म्हणजे नुसतं भंगार. सव्वीस वर्षांच्या नावापुढे एक ओळ, पुकारलं नाही.

बर्टीने जबाब दिला, जे झालं ते. बाहेर आली तेव्हा गेलन दारातच बसला होता. तिने सिगारेट पेटवली, दोनदा विझली.

"मी सांगितलं मला सहा ऐकू आलं नाही," ती म्हणाली. "सांगितलं की तू बोलत होतास."

"हं."

"तूच ऐकू येत होतास राजा. फक्त तू. माझ्या मांडीवर बसून बोलल्यासारखा." तिने त्याच्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. "तू अकरावर होतास ना?"

"अकरावर."

"मग कसं रे?"

"ऑरिनने केबल बदलून दिली होती," गेलन म्हणाला.

बर्टीने मान हलवली. तिने विश्वास ठेवला की ठेवायचं ठरवलं, कोण जाणे. ऑरिनने पुकारलंच नसेल तर तिच्या छातीवरचा दगड जरा हलका होत होता, हेही खरं.

हॅस्केट नीट काम करणारा होता. म्हणाला, करूनच बघू. एक ट्रक सहाला उभा केला, तसाच साधा रेडिओ. बर्टीला तिच्या ट्रकसह पाचच्या बगलेत बसवलं, स्वतः शेजारी बसला. आणि गेलनला त्याच्या ट्रकसह वर अकरावर पाठवलं. आधी त्याचा ट्रक तपासला. सीट उचलून बघितली. ब्लँकेट होतं, घडी केलेलं. साधा रेडिओ, नवी केबल. "छान ठेवलंय तुम्ही सगळं," हॅस्केट म्हणाला.

मग रेडिओवर त्याचा आवाज आला. "मिस्टर स्ट्राउड, त्या दिवशी जे बोलत होतात तेच बोला. तेवढंच लांब. थांबू नका."

"तेच?"

"शक्यतो शब्दशः."

गेलन वर एकटा बसला होता. यंत्रं बंद, धुकं, कुणी नाही. त्याने बटण दाबलं आणि सुरुवात केली. माझा मेव्हणा ड्युई, तीन दिवस एल्क मारायला जंगलात. लाकडाचा संडास. बंदूक बाहेर भिंतीला. जीभ. दादा, जा ना. सगळं सांगितलं, शेवटपर्यंत. डॅशबोर्डचे दिवे मंद झाले नाहीत.

बटण सोडलं.

"धन्यवाद," हॅस्केट म्हणाला. "सहावरचं आम्हाला स्पष्ट ऐकू आलं. 'भरलेला, सहा.' तीनदा. तुमचा आवाज मागे होता, नुसती कुजबुज."

दुपारी वर्कशॉपमधल्या जेवणाच्या खोलीत, मायक्रोवेव्हशेजारी, सही घ्यायला कागद ठेवला. हॅस्केट पेन देता देता थांबला.

"एक विचारायलाच हवं मला. त्या दिवशी तुमच्या ट्रकमध्ये साध्या रेडिओशिवाय दुसरं काही होतं का? आवाज वाढवायचं काही?"

गेलन म्हणाला की त्या क्षणी त्याच्या तोंडात 'हो' तयार होतं. जीभ टाळूला लागलीसुद्धा होती. मग त्याला दिसलं की हो म्हटलं तर नोकरी जाईल, लायसन्स जाईल, कदाचित कोर्टात उभं करतील. पण ते नाही, म्हणाला, ते तर होतंच. मला वाटलं आता परत कुणी मला ऐकणार नाही. एवढ्या क्षुल्लक गोष्टीसाठी.

"नाही," तो म्हणाला.

"काय?" हॅस्केट म्हणाला. त्याला खरंच ऐकू आलं नव्हतं.

"नाही," गेलन जोरात म्हणाला.

नंतर लोक बोलायला लागले. आधी हळू. मग बारमध्ये उघडच.

"वय झालं बाबा. डोळा लागला असेल."

"सव्वीस वर्षं तेच तेच म्हटलं की माणसाला वाटतं आपण म्हटलं."

"माझा सासरा असाच, औषध घेतलं म्हणून शपथेवर सांगतो, गोळी बशीत पडलेली असते."

हसले. गेलनही त्या टेबलावर होता. रेडिओवरचं बोलणं त्याने बंद केलं होतं, पण लोक आता त्याच्याकडे वळून बघायचे, खुर्ची सरकवून जागा द्यायचे. ऑरिनचं डोकं धरणारा माणूस म्हणून. मुलगी बिअर न विचारता आणायची.

नोरीन एकदा दुकानात भेटली, दुधाच्या फ्रिजपाशी. "गेलन, तू त्याला ओळखतोस," ती म्हणाली. "हा माणूस झोपेत पुकारतो. लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून मी रात्री 'भरलेला, चार' ऐकत आलेय. आणि ते मला सांगतात, विसरला? तू तिथे गेलास तेव्हा काय म्हणाला होता तुला?"

"मी पुकारलं, म्हणाला होता."

"सांगितलंस त्यांना?"

"सांगितलं." हे खरं होतं. जबाबात ते वाक्य होतं.

"मग?"

"मग काही नाही नोरीन. म्हणाले, धक्क्यात माणूस बोलतो तसं."

नोरीनने दूध परत फ्रिजमध्ये ठेवलं आणि काहीही न घेता निघून गेली.

ऑक्टोबरच्या शेवटी ऑरिनला घरी आणलं. गेलन पाच आठवडे दवाखान्यात फिरकला नव्हता. फक्त फोन केले होते, तेही नोरीनला. शनिवारी सकाळी उठला, दाढी केली, गॅरेजमधून शेगडी काढली आणि कागदी पिशवीत घालून गाडीत शेजारच्या सीटवर ठेवली. वाटेत मोठ्याने बोलून बघितलं. ऑरिन, तू पुकारलंस. ऑरिन, तू पुकारलंस, मी वरून तुला झाकलं. असं दहा-बारा वेळा. घराबाहेर गाडी लावली. पिशवी गाडीतच ठेवली. आधी बोलू, मग दाखवू, म्हणाला.

ऑरिनचा पलंग पुढच्या खोलीत खिडकीपाशी लावला होता. तो निम्मा झाला होता. पांघरूण डावीकडे सपाट.

"ये," तो म्हणाला. "बस. नोरीन चर्चच्या बायकांबरोबर गेलीये, कॉफी तुलाच करायला लागेल. माझा एक पाय किचनपर्यंत जात नाही."

गेलन हसला नाही. ऑरिन हसला.

"ऑरिन, मला काही सांगायचंय. त्या दिवशी मी बोलत होतो."

"माहीत आहे. बर्टी आली होती. ड्युई आणि एल्क." ऑरिनने हात झटकला. "ऐक. मला माहीत होतं तू हे तोंड घेऊन येशील. माझ्यामुळे, माझ्यामुळे करत. सोड. त्यांनी तपासून बघितलं ना? तुझ्या ट्रकमध्ये बसवून? अकरावरून साधा रेडिओ मला झाकूच शकत नाही. ती केबल मीच लावलीये, मला माहीत नाही होय?"

"तसं नाही ऑरिन..."

"गप बस, मला बोलू दे. पाच आठवडे छताकडे बघतोय मी." त्याने पाण्याचा पेला घेतला, प्यायला, परत ठेवला. "आधी वाटलं, खोटं बोलतायत सगळे. मी पुकारलं. बोटाला बटण आठवतं माझ्या. मग रोज तेच आठवायला लागलो. सातची पाटी आठवते. सातनंतरचा ओहोळ आठवतो. सहाची पाटी आठवते, पण ती त्या दिवशीची की आदल्या दिवशीची? की दहा वर्षांपूर्वीची? सगळ्या सारख्याच रे. ऊन तसंच, पाटी तशीच. आणि कुणीच ऐकलं नाही. एक जरी माणूस म्हणाला असता की हो, मी ऐकलं."

गेलनने खिडकीतून बाहेर लावलेल्या गाडीकडे बघितलं.

"मी नाही पुकारलं गेलन," ऑरिन म्हणाला. "आता मी स्वतःशी कबूल केलंय. बरं वाटतंय कबूल केल्यावर. नोरीनला पटत नाही, तिच्याशी भांडतो मी यावरून. ती म्हणते तू पुकारलंस, मी म्हणतो, बाई, नाही पुकारलं, बर्टी मेली असती माझ्यामुळे. विचार कर. दुसऱ्याला मारलं असतं मी."

"नाही, तू..."

"काय?"

"तू..." गेलन म्हणाला. पुढे काहीतरी बोललाही. त्याला वाटतं बोलला. तो मला म्हणाला, मी खरंच बोललो असेन, पण इतकं हळू की मलाच ऐकू आलं नाही.

ऑरिनने त्याचा हात धरला. हाताला अजून ताकद होती.

"एक कर माझ्यासाठी. वसंतात नवे ड्रायव्हर येतील. शिकवायला मी नसणार. तुझं ऐकतात लोक आता, तू बोललास की गप्प होतात. तू त्यांना शेजारी बसवून फिरव. आणि सहाच्या पाटीपाशी ट्रक थांबव, आणि माझं नाव घेऊन सांग. ऑरिन पेकम, सव्वीस वर्षं, एकदा पुकारलं नाही. इथून खाली बघा म्हणावं. प्रत्येकाला सांग. गुळमुळीत नको, नाव घेऊन. शब्द दे."

बाहेर रस्त्यावरून कुणाचा तरी ट्रक गेला, खिडकीची काच थरथरली. ऑरिन वाट बघत होता.

"मोठ्याने," ऑरिन म्हणाला.

"देतो," गेलन म्हणाला. "सांगेन. प्रत्येकाला सांगेन, तुझं नाव घेऊन."